खुरपं आपलं, मशीन त्यांचं?

कुठल्याही गावातल्या सार्वजनिक बागेत सकाळी नऊच्या सुमाराला जाऊन बघा. चार-पाच बायका पदर खोचून, डोक्याला टॉवेल बांधून उकिडव्या बसलेल्या असतात. हातात खुरपं. थोड्या अंतरावर एखादा तरुण खांद्याला पट्टा अडकवून गवत कापायचं मशीन फिरवत असतो. त्याचं काम दुपारच्या जेवणाआधी उरकतं, बायकांचं उन्हं उतरेपर्यंत चालतं. आणि मजुरी मांडायची वेळ आली की मशीनवाल्याचा आकडा मोठा, खुरपंवालीचा लहान. मुकादमाला विचारा, तो सहज सांगेल, "अहो ताई, त्याच्याकडे मशीन आहे ना!"

मला या 'ना'बद्दल बोलायचं आहे. समान कामाला समान मजुरी द्यावी, हा कायदा आपल्याकडे १९७६ साली आला. आता तो वेतन संहितेत सामावला गेला आहे आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. पण कायद्यातून सुटायची वाट मुकादमाला ठाऊक असते. काम 'समान' नाहीच म्हटलं, की झालं! त्याचं काम मशीनचं, तुमचं खुरप्याचं. मग प्रश्न असा उरतो की मशीन त्याच्याच हातात का? ते आठ-नऊ किलोचं असतं. पाण्याने भरलेला हंडा याहून जड असतो, आणि तो उचलायला आपल्याला कुणी कधी 'जमेल का?' म्हणून विचारलेलं नाही.

गेल्या काही वर्षांत पापड-लोणच्यांच्या पलीकडे जाऊन अनेक बचत गट वेगवेगळी कामं घेऊ लागले आहेत. बागांची देखभाल, शाळेचं मैदान, सोसायटीचं आवार, बँकेसमोरची हिरवळ ही त्यातलीच. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात नऊ जणींचा एक गट हेच काम करतो. मी गटाची सभासद नाही. कागदपत्रं, बँक, अर्ज यांत त्यांना मदत करते आणि महिन्याच्या बैठकीला बसते. त्यामुळे या धंद्याचं अंतरंग जवळून बघायला मिळालं. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. बाईच्या हातात मशीन देऊन भागत नाही. त्या मशीनची माहिती आणि त्या मशीनचा हिशेब, दोन्ही तिच्याकडे आले पाहिजेत. नाहीतर ती खुरप्याची मजूर होती, ती मशीनची मजूर होते, एवढाच काय तो फरक.

ही माहिती मिळते कुठे? पुरुष ठेकेदारांना ती आपोआप मिळते. मशीन दुरुस्तीच्या दुकानासमोरच्या चहाच्या टपरीवर त्यांची शाळा भरते. कुठल्या मशीनचे सुटे भाग मिळत नाहीत, कोण पैसे बुडवतो, कुठल्या कामाचा काय भाव चालू आहे, हे सगळं कटिंग चहाबरोबर फिरत असतं. बाई त्या वेळी घरी धावत असते, कारण पोरं शाळेतून यायची असतात आणि चुलीवर काही चढवायचं असतं. प्रशिक्षण शिबिरात 'सक्षमीकरण' हा शब्द ती दहा वेळा ऐकते, पण पेट्रोलमध्ये ऑईल किती घालायचं हे तिला तिथे कुणी सांगत नाही. म्हणून आमच्या गटाने एक साधा उपाय केला. महिन्याची बैठक संपली की एक तास फक्त कामाच्या गप्पा. कधी दुरुस्तीवाल्या मिस्त्रींना बोलावायचं, कधी वीस-पंचवीस वर्षं झाडांचं काम केलेल्या एखाद्या ठेकेदार काकांना. काका मंडळी आनंदाने येतात. चहा आपल्याकडचा, ज्ञान त्यांचं! त्या तासांमधून जमलेल्या गोष्टी आज तुमच्यापुढे ठेवते. तुमच्याही गावात कुणीतरी या वाटेवर असेलच.

आधी मशीनचं. नवं घेताना सगळे किंमत आणि ताकद विचारतात. मिस्त्री म्हणाले, पहिला प्रश्न वेगळाच विचारा. याचे सुटे भाग आपल्या तालुक्यात मिळतात का? स्वस्तातलं मशीन घेतलं आणि एका वायसरसाठी पुण्याला जायची वेळ आली, की आठवडाभर काम बंद. दुकानदाराकडून ते तिथल्या तिथे चालवून दाखवून घ्या. पट्टा आपल्या उंचीप्रमाणे बसवून घ्या. ही मशीनं पुरुषी उंची धरून लावलेली असतात. पट्टा सैल राहिला की सगळं वजन मनगटावर येतं आणि आठ दिवसांत बाई म्हणते, "नको गं बाई, खांदे गेले माझे." पट्टा नीट लावला की वजन खांद्यावर आणि कमरेवर वाटलं जातं.

आता ऑईल. टू-स्ट्रोक मशीनला पेट्रोलमध्येच ऑईल मिसळावं लागतं, कारण आतल्या भागांना वंगण मिळायची दुसरी सोय त्यात नसते. नुसतं पेट्रोल घातलं तर इंजिन जाम होतं आणि हजारोंचा खर्च उभा राहतो. आमच्या गटाचं पहिलं मशीन असंच गेलं. एकीच्या मुलाने मदत म्हणून टाकी भरून दिली, साध्या पेट्रोलने! मशीनच्या पुस्तकात ५०:१ लिहिलं असेल तर एक लिटर पेट्रोलला २० मिली ऑईल, २५:१ लिहिलं असेल तर ४० मिली. गटातल्या धाकटीने यावर नामी युक्ती काढली. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं दहा मिलीचं टोपण तिने कॅनलाच कायमचं बांधून टाकलं. लिटरला दोन टोपणं. अक्षरओळख नसलेल्या मावशीसुद्धा आता अचूक मिश्रण करतात. फोर-स्ट्रोक मशीनची रीत वेगळी. त्यात पेट्रोल साधंच आणि इंजिन ऑईल निराळ्या ठिकाणी. म्हणून दोन्ही प्रकारची मशीनं असतील तर कॅन दोन रंगांचे ठेवा. आणि हे कॅन स्वयंपाकघरात, गॅसजवळ किंवा देवघराच्या आसपास अजिबात नकोत, हे सांगायला हवंच.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढून घेतं. मिश्रण दोन-तीन महिने टाकीत पडून राहिलं की कार्ब्युरेटर चिकटतो आणि मग पावसाच्या तोंडावर, ऐन कामाच्या दिवसांत, दोरी ओढून ओढून हात दुखतात पण मशीन काही सुरू होत नाही. काम थांबणार असेल तेव्हा टाकी रिकामी करायची, मशीन सुरू करून आतलं उरलंसुरलं जाळून टाकायचं, मगच ठेवून द्यायचं. हवेचा फिल्टर रोज संध्याकाळी साफ करायचा. चुलीवरचं भांडं आपण घासल्याशिवाय ठेवतो का? तसंच हे. गवत कापायची नायलॉनची दोरी वाळून कडक झाली की तुकडे पडतात. ती वापरण्याआधी रात्रभर पाण्यात भिजत ठेवली की जास्त टिकते. ही युक्ती एका ठेकेदार काकांची. दोरीच्या खर्चात त्यामुळे चांगलाच फरक पडला, असं गटाच्या खजिनदार सांगतात.

कपड्यांचा विषय नाजूक आहे, पण टाळून चालणार नाही. फिरणाऱ्या मशीनजवळ पदर, ओढणी, मोकळी वेणी म्हणजे संकटाला आमंत्रण. फुल पँट, लांब बाह्यांचा शर्ट, पायात बूट, डोळ्यांवर गॉगल किंवा तोंडावर जाळीची ढाल, कानात बोळे एवढं हवंच. बांगड्या काढून, मंगळसूत्र शर्टाच्या आत घेऊन काम करायचं. एका सासूबाईंनी यावरून घर डोक्यावर घेतलं होतं. "आमच्या घरात सुना पँटी घालत नाहीत." गटाने मग सगळ्यांसाठी एकसारखा गणवेश शिवून घेतला, खिशावर गटाचं नाव. गणवेश म्हटलं की पँटचीही 'ड्युटी' होते आणि बोलणाऱ्यांची तोंडं बंद होतात! शिवाय मशीन चालू असताना पंधरा मीटरच्या आत कुणी नको, मूल तर नाहीच. पात्याखालचा खडा गोफणीतल्या दगडासारखा उडतो. शाळेच्या मैदानाचं काम घ्यायचं तर ते सुट्टीच्या दिवशी.

एक गोष्ट मात्र मशीनला जमत नाही. झाडाच्या बुंध्याला लागून गवत कापताना नायलॉनची दोरी साल सोलते. कोवळ्या झाडाची साल सगळीकडून गोल सोलली गेली की ते उभ्या-उभ्या वाळतं, कारण पानांनी तयार केलेलं अन्न सालीतूनच मुळांकडे जातं. दरवर्षी थाटामाटात लावलेली किती रोपं पाण्यावाचून मरतात नि किती या दोरीने मरतात, कुणी मोजलंय? म्हणून बुंध्याभोवतीचं हातभर आळं खुरप्यानेच साफ करायचं आणि त्यात पालापाचोळा पसरायचा, म्हणजे ओलही टिकते. थोडक्यात काय, खुरपं कमी प्रतीचं नाही. जिथे मशीन झाडाचा जीव घेईल, तिथे खुरप्याचं कौशल्य लागतं. मग त्याची मजुरी कमी का असावी?

गाजर गवताचंही तसंच. १९५५-५६ च्या सुमारास पुण्याजवळ पहिल्यांदा नजरेत आलेलं हे तण आज बांधापासून बस स्टँडपर्यंत सगळीकडे आहे. मशीनने वरवर कापलं तर ते पुन्हा फुटतं. पावसात जमीन मऊ असताना, फुलं यायच्या आत, मुळासकट उपटलं तरच उपयोग. पण उघड्या हातांनी नाही! त्याने अंगाला खाज सुटते, त्वचेला फोड येतात, काहींना दम्याचा त्रास होतो. मुकादम बायकांना 'जरा उपटून टाका गं' म्हणतो आणि हातमोजे देत नाही, तेव्हा त्या बाईने हातमोज्यांशिवाय काम करायला नाही म्हटलं पाहिजे. गटाने ठेका घेतला असेल तर हातमोज्यांचा खर्च दरातच धरला पाहिजे.

आता झाडांच्या छाटणीचं. इथे मी जरा कडक बोलणार आहे. बागकामाचा ठेका घेतला की मालक हळूच म्हणतो, "ती एक फांदी पण उतरवून टाका." ही 'एक फांदी' फार महाग पडते. जमिनीवर उभं राहून लांब दांड्याच्या करवतीने जेवढं होतं, तेवढंच आपलं काम. शिडी लावून करवत चालवणं हे शिकलेल्या माणसाचं काम आहे. चेनसॉ तर प्रशिक्षणाशिवाय हातात घेऊच नये; पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की ते मशीन उसळून चालवणाऱ्याच्याच तोंडावर येतं. फांदी विजेच्या तारेजवळ असेल तर हातसुद्धा लावायचा नाही. ओल्या फांदीतूनही वीज उतरते. महावितरणला कळवायचं; १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. लाइन बंद केल्याचं लाइनमनने स्वतः सांगितल्याशिवाय कामाला सुरुवात नाही.

याचा अर्थ हे काम बायकांचं नव्हे, असा मुळीच नाही. केरळमध्ये नारळावर चढणारी माणसं मिळेनाशी झाली तेव्हा नारळ विकास मंडळाने २०११ साली 'फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री' नावाचं प्रशिक्षण सुरू केलं. चढायचं यंत्र वापरायला शिकवलं, विम्याचं संरक्षण दिलं, आणि त्यात बायकाही शिकून नारळावर चढू लागल्या. म्हणजे उंचीची भीती बाईला नसते. असते ती शिकवणी, साधन आणि विमा यांवाचून वर चढवलं जाण्याची. ती तर पुरुषांनाही असायला हवी.

जी फांदी हाताच्या टप्प्यात आहे तिलाही रीत आहे. जड फांदी एका घावात वरून कापली की ती खाली पडताना बुंध्याची साल फाडत नेते. म्हणून आधी खोडापासून वीतभर अंतरावर खालून थोडी खाच घ्यायची, मग त्याच्या जरा बाहेरून वरून कापून फांदीचं ओझं उतरवायचं, आणि शेवटी उरलेला ठोंब खोडाजवळच्या फुगीर कड्याला धक्का न लावता काढायचा. झाड आपली जखम त्या कड्यातूनच भरून काढतं. शेंडाच छाटून झाडाचं 'टक्कल' करायची आपल्याकडे मोठी हौस आहे. त्याने झाड आटोक्यात येत नाही. जिथे छाटलं तिथून कमकुवत फुटवे भराभर वाढतात आणि पुढच्या वादळात तेच आधी मोडतात.

कायदाही माहीत हवा. नगरपालिका आणि महापालिकांच्या हद्दीत १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे. झाड आपल्या अंगणातलं असलं तरी तोडायला परवानगी लागते, आणि फांद्यांवर मनाला येईल तशी कुऱ्हाड चालवणंही त्यात बसत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना 'हेरिटेज' झाडांचा दर्जा दिला. 'मी बघतो सगळं' असं मालक म्हणतो. कागद बघितल्याशिवाय काम सुरू करायचं नाही, कारण करवत आपल्या हातात असते आणि पंचनाम्यात नाव आपलं येतं. आणि छाटणीआधी मान वर करून घरटी बघायची. पावसाळ्यात बगळ्यांच्या वसाहती पिलांनी भरलेल्या असतात. तेव्हा फांदी उतरवणं म्हणजे पाप तर आहेच, पण वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाही आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हिशेब. आमच्या गटाने सुरुवातीला दर कसा ठरवला होता? शेजारच्या गावचा ठेकेदार दिवसाला चौदाशे घेतो ना, मग आपण बाराशे सांगू. काम मिळालं, पेढे वाटले, आणि चार महिन्यांनी वही उघडली तर हाती काही नाही! दुसऱ्याचा दर बघून आपला ठरवणं म्हणजे शेजारणीच्या मापाने आपला ब्लाऊज शिवणं.

एका दिवसाचा हिशेब असा मांडून बघा. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या गावचे घालून घ्या. समजा मशीन अठरा हजारांचं आणि ते तीनशे दिवस चाललं, तर दिवसाला ६० रुपये मशीनची झीज. पाच तासांना चार लिटर पेट्रोल, १०५ रुपये दराने ४२० रुपये. ऑईल ४०, नायलॉन दोरी ५०, दुरुस्तीसाठी बाजूला ६०. मशीन, कॅन आणि माणसं नेण्या-आणण्याचं भाडं २००. दोघींची मजुरी प्रत्येकी पाचशेप्रमाणे १००० रुपये. बेरीज झाली १८३० रुपये. त्यात पावसात बुडालेला दिवस, उशिरा मिळणारे पैसे आणि गटाची बचत यांसाठी पंधरा टक्के धरले, तर दर होतो एकवीसशेच्या आसपास. आता सांगा, बाराशेला घेतलेलं काम कुणाच्या खिशातून होत होतं? आपल्याच. त्यातली स्वतःची मजुरी आपण धरलीच नव्हती. घरात राबायची सवय अशी अंगात मुरलेली असते की बाहेरच्या कामातही बाई स्वतःचे कष्ट फुकट मोजते. माझ्या मते हा या सगळ्या धंद्यातला सर्वांत मोठा तोटा आहे, आणि तो कुठल्याही मशीनच्या बिघाडापेक्षा महाग आहे.

गटाने हा हिशेब मांडला आणि दर वाढवला, तेव्हा दोन कामं गेली. अध्यक्षबाई रडवेल्या झाल्या होत्या. पण राहिलेल्या कामांत महिन्याअखेर हातात पैसे पडू लागले. काम जाण्याची भीती खरी आहे, मी ती नाकारत नाही. पण तोट्यातलं काम टिकवून ठेवणं म्हणजे गळक्या घागरीने पाणी भरणं. ज्या कामात पडतळ बसत नाही ते हसून नाही म्हणायला शिकलं पाहिजे.

दर ठरला की तो कागदावर यावा. किती जागा, महिन्यातून किती वेळा, कापलेला पाला कोण उचलणार, पाणी नि वीज कुणाची, पैसे कधी. पाला उचलण्यावरून जेवढी भांडणं होतात तेवढी कशावरूनच होत नाहीत. ट्रॉलीचं भाडं वेगळं लिहिलं नसेल तर ते आपल्याच गळ्यात पडतं.

आणि थकलेली बिलं! 'पुढच्या आठवड्यात या' हे वाक्य प्रत्येक गटाने ऐकलेलं असतं. आमच्या गटाचं एका संस्थेकडे पाच महिन्यांचं बिल अडकलं होतं. अशा वेळी उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे उद्यम नोंदणी. ती १ जुलै २०२० पासून सुरू झाली, ऑनलाइन होते आणि पूर्णपणे मोफत आहे. त्यासाठी हजार-दोन हजार मागणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. बचत गटालाही ही नोंदणी करता येते. नोंदणी असेल तर २००६ च्या सूक्ष्म, लघु उद्योगांच्या कायद्याने काम घेणाऱ्याला लेखी करारात मुदत असली तरी ४५ दिवसांच्या आत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. दाद मागायला ऑनलाइन सोयही आहे. आमच्या गटाने अजून तक्रार केलेली नाही. बिलाच्या खाली या कायद्याचा उल्लेख असलेली एक ओळ तेवढी छापून घेतली. अडकलेलं बिल तीन आठवड्यांत निघालं.

शेवटचा खर्च विम्याचा. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर दोन लाखांचं संरक्षण मिळतं. १८ ते ७० वयाच्या कुणालाही बँक खात्यातून तो घेता येतो. दोन लाख म्हणजे काही फार नव्हे, हे मान्य. पण ज्या घरात कमावणारी एकटी बाई आहे, तिथे काहीच नसण्यापेक्षा ते किती तरी बरं.

इथवर मी काम करणाऱ्या बहिणींशी बोलले. आता जरा आपल्यासारख्या काम करून घेणाऱ्यांशी. आपल्या अंगणात नारळ आहे, दारात आंबा आहे, सोसायटीच्या कमिटीवर आपण आहोत. फांदी उतरवायला माणूस येतो, पाचशे सांगतो, आणि आपण भाजीच्या जुडीसारखी घासाघीस करून तीनशेवर आणतो. त्याच्या कमरेला दोर आहे का, हे आपण बघत नाही. तो पडला तर त्याच्या घरच्यांचं काय, हा विचार आपल्या मनात येत नाही. कमी केलेले ते दोनशे रुपये येतात कुठून? त्याच्या दोरातून, त्याच्या बुटांतून, त्याच्या विम्यातून. बचत गटाच्या बायका आल्या तर आपण आणखी पुढे जातो. "बायकाच आहात, थोडं कमी करा की." बाई बाईला हे म्हणते, तेव्हा त्या मुकादमात आणि आपल्यात फरक तो काय राहिला?

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी दारात बागकामाला कुणी आलं तर दर विचाराच, पण सोबत दोन प्रश्न आणखी विचारा. "हातमोजे, गॉगल, दोर आहे का? विमा काढलाय का?" आणि तुम्ही स्वतः एखाद्या गटात असाल तर येत्या बैठकीत वहीचं एक कोरं पान उघडा. डावीकडे दिवसाचा सगळा खर्च लिहा. त्यात सर्वांत वरची ओळ आपल्या मजुरीची असू द्या. मशीन कसं चालतं ते सगळ्यांना येऊ द्या, एकीलाच नको. पेट्रोलचं माप प्रत्येकीला तोंडपाठ हवं, दराचं गणितही. ज्या दिवशी ठेक्याच्या कागदावर सही करणारी बाई तो आकडा कसा आला हे न अडखळता सांगू शकेल, त्या दिवशी कुणी मुकादम तिला 'मशीन आहे ना' म्हणून गप्प बसवू शकणार नाही.